आधी रिकामी पेटी

भागुजीने आयुष्यात दोनच कामं केली. सोळा वर्षं मंचरच्या बाजारात पोती उचलली आणि बारा वर्षं मढच्या रस्त्याला जनावरं सांभाळली. कोणी शाबासकी द्यावी असं त्याला दोन्ही कामांत वाटलं नाही. काम झालं की झालं. पण दुसऱ्या कामातल्या एका दिवसाबद्दल तो अजून आभार मानतो. कोणाचे मानायचे, ते मात्र दर वेळी बदलतं. कधी म्हणतो म्याडमचे, कधी रखमाजीचे, कधी स्वतःच्या कमरेचे.

मूळ गाव निरगुडसर. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा गावकीची कामं एका दिवसात सोडली आणि पाठीवर पोतं घेतलं. घाम गाळीन, पण कोणाच्या दारात मागायला उभा राहणार नाही, ही त्यांची बोली. तोच पाठीचा धंदा भागुजीकडे आला. तो त्यात वडिलांच्याही पुढे गेला. पोतं पाठीवर टेकलं की त्याला आकडा कळायचा. आधी पाठ बोलायची, मग काटा. अर्ध्या किलोच्या वर फरक पडत नसे. सोबतचे हमाल चहाच्या पैजा लावायचे आणि हरायचे. मुकादम भिमाजी म्हणायचा, "काटा बिघडला तर भागूला उभा करा. तेल घालायची पन गरज न्हाई."

बाजाराच्या दोन सवयी त्याच्या अंगात मुरल्या होत्या. एक मोजायची. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. दुसरी बारदानाची. रिकाम्या पोत्याचं वजन एकदा ठरलं की ठरलं. पोतं ओलं असो, कोरडं असो, नवं असो, फाटकं असो, तेवढंच वजा करायचं. कोणी दरवेळी रिकामं पोतं मोजत बसत नाही. बसला तर लोक हसतात.

शहाण्णव साली कांद्याची थप्पी ढासळली आणि भागुजी खाली सापडला. जीव वाचला, मणका दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे एकट्याने काही उचलायचं नाही. बायको चिमाबाईने ते ऐकलं आणि पाण्याची घागरसुद्धा त्याच्या हातून काढून घेतली. सहा महिने तो ओट्यावर बसून होता. ते दिवस त्याला पोत्यांपेक्षा जड गेले.

पुढच्या वर्षी कोणाच्या तरी ओळखीने त्याला मढच्या अलीकडे काम लागलं. तिथे एका ट्रस्टचं छोटं प्राणिसंग्रहालय होतं. विहिरीत पडलेले, फासात अडकलेले, परत रानात सोडता न येणारे प्राणी तिथे ठेवत. पाच कोल्हे होते, काही हरणं, मोर आणि दोन लांडगे. लांडगे पूर्वेकडच्या मुरमाड माळावरून आणलेले. एक नर, एक मादी. मादीची शेपटी फासात अर्धी तुटली होती, म्हणून तिचं नाव बांडी. भागुजीने खाणं टाकायचं, पिंजरे धुवायचे, आणि जड काही असेल तर रखमाजीला हाक मारायची. रखमाजी तिथला जुना माणूस, मढचाच. तोंडाने फटकळ, हाताला चोख.

दोन हजार एकच्या जानेवारीत नराच्या पायात गाठ झाली. ती फोडायची होती. लांडगा काही पाय पुढे करून फोडा म्हणत नाही. त्याला आधी औषध देऊन झोपवावं लागतं. आणि ते औषध वजनावर असतं. कमी पडलं तर तो मध्येच उठतो, जास्त झालं तर उठतच नाही.

बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी जाळीतून पाहिलं. "किती असेल?"

"पंचवीस तरी असंल सायेब," रखमाजी म्हणाला.

थंडीचे दिवस. लांडग्याच्या अंगावर केसांचा झगा. डॉक्टरांनाही पंचवीसच वाटला. औषध दिलं. नर झोपला तो झोपलाच.

खड्ड्याकडे न्यायला भागुजीने त्याला खांद्यावर घेतलं. तीन पावलं चालला आणि थांबला. अठरा. जास्तीत जास्त साडेअठरा.

"काय झालं रं? कंबर धरली का?" रखमाजीने विचारलं.

"न्हाई. चल."

औषध जास्त झालं म्हणूनच तो गेला, असं कोणी म्हटलं नाही. भागुजीलाही ते छातीठोक सांगता आलं नसतं. पण तो आकडा त्याच्या खांद्यावरून उतरला नाही. उचलल्याशिवाय त्यालाही वजन कळलं नसतं, हे खरं. पण नुसतं बघून सांगू नका, एवढं तरी त्याला म्हणता आलं असतं. ते तो म्हणाला नाही. मालाच्या भानगडीत हमालाने तोंड घालायचं नसतं, ही बाजाराची तिसरी सवय. बांडी त्यानंतर आठ दिवस जाळीपाशी येऊन उभी राहायची आणि खड्ड्याच्या दिशेला तोंड करून हुंगायची. तिच्यापुढे मटण टाकताना भागुजी मान वर करत नसे. तिच्यावर अशी पाळी येऊ द्यायची नाही, एवढं त्याने मनाशी धरलं. कसं, ते त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर वृषाली आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. जुन्नरहून दर गुरुवारी यायच्या. पहिल्याच दिवशी सगळ्या पिंजऱ्यांपुढून फिरल्या आणि प्रत्येक जनावरापुढे एकच प्रश्न. बांडीपुढेही तोच.

"हिचं वजन किती?"

"बावीस-तेवीस," रखमाजी म्हणाला.

त्यांनी मागे झाडू घेऊन उभ्या असलेल्या भागुजीकडे पाहिलं. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

भागुजीने आधी मागे वळून पाहिलं. आपल्यामागे आणखी कोणी काका उभा आहे का, म्हणून. मग म्हणाला, "उचलल्याबिगर सांगता येत न्हाई म्याडम."

"आणि उचललं तर सांगता येतं?"

रखमाजी हसला. "त्याला लई येतं. बाजारातला काटा हाय तो. नुसता पारड्यात बसवायचा राहिलाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. खाद्याच्या खोलीत गेल्या. भुशाची गोण, गॅसची टाकी, मक्याचं फाटकं पोतं, जे सापडलं ते पुढे ठेवलं. एका बाजूला रखमाजी, एका बाजूला भागुजी. भागुजी उचलायचा, आकडा सांगायचा. डॉक्टर खाद्य तोलायच्या काट्यावर मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. सात वस्तू झाल्या. सातही बरोबर निघाल्या. मग त्यांनी विचारलं, "इथे कधी लांडगा उचललाय?"

भागुजीने नराची गोष्ट सांगितली. पंचवीस आणि अठरा. एक वर्ष पोटात ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत संपली. रखमाजी खाली बघत होता. डॉक्टरांनी वही मिटली.

"हे तेव्हाच कोणाला का नाही सांगितलं?"

"इचारलं न्हाई कुनी."

"मी विचारत जाईन," त्या म्हणाल्या. "पण जिवंत लांडगा तुमच्या पाठीवर देता येणार नाही. दुसरं काहीतरी बघायला हवं."

ते दुसरं काहीतरी भागुजीने केलं. मंचरला जाऊन भिमाजीकडून मोडीत निघालेला जुना वजनकाटा आणला. भिमाजीने विचारलं, "कांदा पिकवतोस का डोंगरात?" भागुजी म्हणाला, "लांडगं मोजायचंत." भिमाजीने त्याच्या डोक्याला हात लावून ताप बघितला आणि काटा देऊन टाकला.

भागुजीने तो रॉकेलने धुतला, दांडी पेलणाऱ्या, जाम झालेल्या सुऱ्या घासल्या. बांडीच्या पिंजऱ्याच्या मागच्या दारात, पत्र्याच्या कडेखाली बसवला. त्यावर आंब्याच्या फळ्यांची पेटी. दोन्ही बाजूंना सरकती दारं, अंगाला बोटभर फटी. चैत्रात पेटी रिकामी मोजली. चौतीस किलो. पांढऱ्या रंगाने पेटीवर मोठा आकडा काढला: ३४.

मग शिकवणी. दार उघडं ठेवायचं, पेटीच्या पलीकडच्या टोकाला मटणाचा तुकडा ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचं. हलायचं नाही, खोकायचं नाही. पहिले एकोणीस दिवस बांडीने तुकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. विसाव्या दिवशी मान आत घातली. बेचाळिसाव्या दिवशी पुढचे दोन पाय. एकसष्टाव्या दिवशी ती सगळी आत गेली, तुकडा उचलला आणि उलट्या पावली बाहेर. शंभराव्या दिवसाच्या आसपास ती आत जाऊन उभी राहायला लागली. दार सरकवलं तरी बिथरेना. भागुजी वजन बघायचा, दार उघडायचा.

रखमाजी म्हणाला, "एवढं शिकवलं असतंस तर माझा नातू म्याट्रिक झाला असता."

"तुझा नातू मटनाला भुलत न्हाई," भागुजी म्हणाला.

दर सोमवारी वजन. काट्यावर चोपन्न दिसायचे, चौतीस वजा, वीस. भागुजी कार्यालयाच्या फळ्यावर खडूने लिहायचा आणि गुरुवारी डॉक्टर तो आकडा वहीत उतरवून घ्यायच्या. वर्षभर असंच चाललं. बांडीचं वजन किती, या प्रश्नाला आता उत्तर होतं. भागुजीला वाटलं, आपण त्या नराचं देणं थोडं फेडलं.

पुढच्या श्रावणात बांडीचा उजवा गाल सुजला. मागची मोठी दाढ किडली होती आणि खाली पू झाला होता. ती मटण तोंडात धरायची आणि टाकायची. निम्मं पडून राहायचं. मढकडचा पाऊस निरगुडसरसारखा नव्हे. येतो, जातो, असं त्याचं नसतं. तो आला की मुक्कामच करतो. मागच्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, यंदा मात्र दोन महिने सूर्य दिसला नव्हता. माळावरची लांडगीण त्या गारठ्यात कोपऱ्यात अंगाची गुंडाळी करून पडायची.

डॉक्टर वृषाली वही उलटसुलट बघत होत्या. "काका, ही निम्मंच खाते. आणि वजन वीसच्या वीस. हे कसं?"

"काट्यावर चोपन्नच येत्यात म्याडम. येखाद्या वेळी साडेत्रेपन्न."

"हिला हवा लागती," रखमाजी म्हणाला. "आमची कारभारीण कोंडाबाई न्हाई का, सगळं उपासतापास करून पन तशीच."

"घरी सांगू का तुमच्या?" डॉक्टर म्हणाल्या, आणि रखमाजीने तंबाखूची पुडी काढली.

दाढ काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे झोपवायलाच हवं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बांडीचं वय अकरा. लांडग्याचं हे म्हातारपण. पाणी फार पिते, म्हणजे किडन्या थकल्या असाव्यात. तरुण जनावर एखादा थेंब इकडेतिकडे सोसतं. ही सोसणार नाही. "तेव्हा सगळं मोजूनमापून. बुधवारी सकाळपासून खाणं बंद. पोटात काही असलं तर झोपेत उलटी होऊन श्वासनळीत जातं. गुरुवारी पहाटे पाणीही काढायचं."

"म्हंजी एकादशी," रखमाजी म्हणाला.

"फराळ नसलेली."

सोमवारी वजन घेतलं. चोपन्न वजा चौतीस. भागुजीने फोनवर आकडा सांगितला, वीस. डॉक्टरांनी वहीत लिहिला आणि त्याखाली औषधाचा हिशेब मांडला. चिमाबाईने निरगुडसरहून एक जुनी गोधडी पाठवली होती. भागुजीने तिला सांगितलं होतं, झोपेत जनावराचं अंग गार पडतं. ती म्हणाली होती, "लांडग्याला गोधडी! माझ्या बाळंतपनात येवढी काळजी केली न्हाई." पण दोन ठिगळं लावून, धुऊन, उन्हात वाळवून दिली होती.

गुरुवार उजाडला. पाऊस बारीक होता. ट्रस्टची दोन माणसं मुद्दाम बघायला आली होती, कार्यालयाच्या ओसरीत चहा घेत होती. उपचाराच्या खोलीत डॉक्टर वृषाली सुई भरत होत्या. आज पेटी काट्यावर ठेवून चालणार नव्हतं. ती आतल्या खोलीच्या दाराशी न्यायची, बांडीने तिथे आत जायचं, फटीतून मांडीत सुई, आणि झोपली की दोन पावलांवर टेबल. वर्षभरात पेटी पहिल्यांदाच हलणार होती.

रखमाजीने एक टोक धरलं, भागुजीने एक. "हं."

पेटी उठली. भागुजीने एक पाऊल टाकलं आणि म्हणाला, "ठिव खाली."

"काय झालं?"

"ठिव."

भागुजी पेटीकडे बघत उभा राहिला. फळ्या काळपट दिसत होत्या. त्याने हात फिरवला. हाताला गार लागलं. नख रुतलं. मग तो खाली वाकला, पेटीखाली पाठ घातली.

"अरं येडा झालास का? वयनी माझा जीव घेतील!" रखमाजी ओरडला आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला. आज ओरडायचं नव्हतं.

भागुजी उठला. एकट्याने. सात वर्षांनी पाठीवर एवढं ओझं होतं. कमरेत कळ गेली ती टाचेपर्यंत. पण पाठ खोटं बोलली नाही. चौतीस नव्हे. सदतीस.

तो तसाच उभा राहिला. वीस नव्हे, सतरा. बांडी सतरा किलोची होती आणि आत वीसची सुई भरली जात होती. काटा बरोबर होता. आंब्याचं लाकूड दोन महिने पाणी पीत होतं, लांडगीण दोन महिने झिजत होती, आणि दोघांची बेरीज चोपन्नच येत होती. आणि त्याने प्रत्येक सोमवारी बारदान म्हणून तेच चौतीस वजा केले होते. बाजारात करतात तसे.

पेटी खाली ठेवून तो खोलीच्या दाराशी गेला. ओसरीतली दोन माणसं बघत होती. वर्षभर हीच माणसं पाहुण्यांना सांगायची, आमच्या भागुजीचा आकडा कधी चुकत नाही. त्या वेळी त्याला काय वाटलं, ते तो सांगत नाही. एवढंच सांगतो की नराच्या वेळी खड्ड्यापर्यंत चाललेली पावलं त्याला आठवली. त्या वेळी गप्प बसायला काहीच लागलं नव्हतं.

"म्याडम, सुई थांबवा."

डॉक्टर वळल्या. सुई हातात होती.

"वीस न्हाई. सतरा हायेत. पेटीनं पानी धरलंय. म्या मोजली न्हाई. म्या जुनंच वजन वजा केलं."

"किती सोमवार?"

"समदे. पाऊस लागल्यापासनं समदे."

डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली. "काट्यावर ठेवा."

दोघांनी रिकामी पेटी काट्यावर ठेवली. सदतीस आणि वर थोडं. डॉक्टरांनी स्वतः वाकून बघितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ती झिजतच होती. मी डोकं खाजवत होते, खात नाही आणि उतरत कशी नाही." आणि भरलेली सुई रिकामी करून टाकली. वहीतला वीसचा आकडा एका रेघेने खोडला, वर सतरा लिहिले, औषध नव्याने काढलं. खाली दोन ओळी लिहिल्या.

"काय लिवलं?" भागुजीने विचारलं.

"वजन कसं चुकलं ते. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. कोणी चुकवलं ते नाही लिहिलं."

"लिवा म्याडम. नाव लिवा."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग त्याच ओळीत पुढे आणखी काही लिहिलं आणि वही मिटली.

पेटी आतल्या खोलीच्या दाराशी लावली आणि बांडी नेहमीसारखी तिच्यात आली. तुकडा नव्हता तरी आली. शंभर दिवसांची शिकवण फुकट गेली नाही. फटीतून सुई गेली तेव्हा ती एकदा गुरगुरली. मग सगळे बाहेर. दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. रखमाजीने तोंडात तंबाखूचा बार धरला तो थुंकायलाही गेला नाही. हळूहळू बांडीची मान खाली आली, मग मागचे पाय गेले. डॉक्टरांनी काठीने कानाला स्पर्श केला. कान हलला नाही.

टेबलावर गोधडी होती. त्यावर तिला घेतलं. उचलताना भागुजीने मान हलवली. सतरा. डोळ्यांवर त्याचा रुमाल, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून आत मलम. मान सरळ, तोंड जरा खाली, लाळ बाहेर यावी. जीभ बाहेर ओढलेली. पोटाशी गरम पाण्याच्या बाटल्या. डॉक्टरांचे हात तोंडात असणार, म्हणून श्वास मोजायचं काम भागुजीचं. हात बरगडीवर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. दर मिनिटाला आकडा सांगायचा.

"लाभ, दोन, तीन, चार..."

"लाभ काय?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"पयल्याला येक म्हनत न्हाईत."

"बरं. मोजा."

पहिल्या मिनिटाला चौदा. मग तेरा. मग पुन्हा चौदा. दाढेची मुळं लांब होती. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. रखमाजी बाटल्या बदलत होता. अकरा. दहा. दाढ हलली. डॉक्टर म्हणाल्या, "आलीच." आठ.

नवीन मिनिट सुरू झालं. "लाभ," भागुजी म्हणाला.

हाताखाली बरगडी खाली गेली. वर आली नाही. त्याने वाट पाहिली. घड्याळाचा सेकंदकाटा पाच आकडे पुढे गेला, सात गेला.

"म्याडम. लाभ झालं. दोन येईना."

डॉक्टरांनी चिमटा टाकला. जीभ आणखी ओढली, मान ताठ केली, रबरी फुगा तोंडावर बसवून दाबला. रखमाजीला म्हणाल्या, "ती लाल झाकणाची." उताऱ्याची सुई. रखमाजीचा हात कधी चुकत नसे, तेव्हाही चुकला नाही. फुगा दाबला, सोडला. दाबला, सोडला. भागुजीचा हात बरगडीवरच होता. त्याने आकडा पुढे नेला नाही. न आलेला श्वास तो मोजणार नव्हता.

मग हाताखाली काहीतरी सरकलं. आधी पोत्यात दाणे बसतात तेवढंच. मग बरगडी उठली.

"दोन," भागुजी म्हणाला.

थोड्या वेळाने, "तीन."

रखमाजी भिंतीला टेकला. डॉक्टरांनी हाताच्या मागच्या बाजूने घाम पुसला, दाढेच्या जागेतला पू धुतला आणि मगच भागुजीकडे बघितलं. "वीसचं दिलं असतं ना काका, तर मला हात टेकावे लागले असते."

भागुजीची नजर घड्याळावरच होती. तो मोजत होता.

बांडीला आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दाराला गोणपाट लावलं. जाग येताना उजेड नको, आवाज नको. भागुजी फटीपाशी बसला. दुपारी दोनच्या सुमारास तिने डोकं उचललं आणि टाकलं. पुन्हा उचललं. पुढचे पाय ताणले, उभी राहिली, झोकांडी खाल्ली, भिंतीला अंग लावून पुन्हा उभी राहिली. मग ती वळली आणि चिमाबाईची गोधडी दातांत धरून कोपऱ्यात ओढायला लागली. भागुजीला हसू आलं. आवाज करायचा नव्हता, म्हणून त्याने तोंडात रुमाल कोंबला.

डॉक्टरांनी त्याला बोलावून चहा दिला. त्याला आभार मानायचे होते. "म्याडम, तुमी त्या दिशी इचारलंत," एवढंच म्हणाला.

"आणि तुम्ही आज सांगितलंत," त्या म्हणाल्या. "कंबर दाखवा आता. कोणी सांगितलं होतं एकट्याने उचलायला?"

कमरेपायी तो पंधरा दिवस घरी होता. चिमाबाईने शेक दिला आणि बोलणीही दिली. गोधडीचं विचारलं. "फाडली तिनं," भागुजी म्हणाला. "दात बरं झाल्यात."

"मग चांगलंच झालं," चिमाबाई म्हणाली.

बांडी आणखी अडीच वर्षं जगली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकोणीस किलोवर आली. ती म्हातारपणाने गेली, रात्रीत, कोपऱ्यात, अंगाची गुंडाळी करून. तिला भागुजीनेच उचलून नेलं. या वेळी खांद्यावर फक्त तिचं वजन होतं.

त्या गुरुवारनंतर पेटीवरचा ३४ त्याने पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं: आधी रिकामी पेटी. जो कोणी वजन घेईल त्याने दर वेळी, आधी रिकामी. नवीन आलेली पोरं कुरकुरायची, दुप्पट काम होतं म्हणून. रखमाजी त्यांना सांगायचा, "दुप्पटच हाय. गप करा."

दोन हजार नऊला भागुजी निवृत्त झाला. तोवर डॉक्टर वृषालींची बदली झाली होती. जायच्या आधी त्यांनी त्याला ती वही दाखवली होती. भागुजीला जोडाक्षरं अजून जड जातात. त्याने बोट ठेवून वाचलं. वजन घेणाऱ्या भागुजीने पेटीचं जुनं वजन वजा केल्यामुळे तीन किलोची चूक. त्याच ओळीत पुढे: चूक भागुजीनेच, सुई देण्याआधी, स्वतःहून सांगितली.

आता तो निरगुडसरला असतो. शेजारच्या भिकाने शेळी विकायला काढली की त्याला बोलावतात. तो शेळी उचलत नाही, चिमाबाईची नजर असते. काट्यावर ठेवायला सांगतो. भिका टोपलीत शेळी बसवायला घाई करतो, आणि भागुजी ओट्यावरून म्हणतो, "थांब राव. टोपली रिकामी मोजलीस का?"